पुन्हा पांढरा पट्टा : पन्नाशीनंतरच्या कराटेविषयी काही विचार

आपल्या पिढीतील बहुतेक डॉक्टरांच्या आयुष्यात सोडून दिलेला एखादा व्यायाम असतोच. कोणी मल्लखांबावर चढत असे, कोणी कुस्तीच्या हौद्यात उतरत असे, कोणी महाविद्यालयाच्या संघातून खो-खो खेळत असे. पदव्युत्तर अभ्यासक्रमातील पहिल्या रात्रपाळ्या सुरू झाल्या की ते सारे मागे पडते. पुढे व्यवसाय, मुलांची शिक्षणे आणि आईवडिलांची आजारपणे यांत पंचवीस-तीस वर्षे सरतात. मग पन्नाशीच्या आसपास साखर सीमेवर आल्याचा अहवाल स्वतःच्याच नावाने हाती पडतो, किंवा जिना चढताना गुडघा कुरकुरू लागतो, आणि ते जुने दिवस आठवतात. "पुन्हा सुरुवात करावी का?" हा प्रश्न तेव्हा मनात येतो.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांसाठी "अवश्य करावी" असेच आहे. परंतु "कशी करावी?" हा त्याच्या पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा असून त्याकडे आपण डॉक्टरमंडळीही पुरेसे लक्ष देत नाही. वैद्यकीय शिक्षणाच्या काळात मी शोतोकान पद्धतीचे कराटे शिकले आणि तपकिरी पट्ट्यापर्यंत पोहोचले. त्यानंतर सत्तावीस वर्षे खंड पडला. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा वर्गात गेले, त्याला आता तीन वर्षे झाली. या अनुभवाला बालरोगतज्ज्ञाच्या नजरेने जे अर्थ लागले ते प्रस्तुत लेखात मांडत आहे. कराटेऐवजी कोणी आखाडा, ज्यूदो किंवा लाठीकाठी यांकडे परतत असेल, तरी यातील बरेचसे विवेचन त्यांनाही लागू पडावे.

मुलांसाठी घडलेली विद्या

कराटे म्हटले की विटा फोडणारा तरुण डोळ्यांपुढे येतो. या विद्येचा इतिहास मात्र निराळे सांगतो. ओकिनावा बेटावर खाजगीत शिकवली जाणारी ही कला विसाव्या शतकाच्या प्रारंभी शाळांमध्ये आली, आणि तिला शालेय रूप देण्यात आंको इतोसु यांचा वाटा फार मोठा होता. त्यांचा जन्म १८३१ सालचा. म्हणजे १९०१च्या सुमारास शाळकरी मुलांना शिकवू लागले तेव्हा ते सत्तरीला पोहोचले होते. अवघड आणि लांबलचक 'काता' मुलांना झेपणार नाहीत हे ओळखून त्यांनी चढत्या क्रमाने पाच छोटे काता रचले. काता म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी ठरावीक क्रमाने करावयाच्या हालचालींची मालिका. आज शोतोकानच्या वर्गात 'हेइआन' या नावाने शिकवले जाणारे पाच काता ते हेच.

इतोसुंचे शिष्य गिचिन फुनाकोशी हे व्यवसायाने शाळामास्तर होते. १८६८ साली जन्मलेले फुनाकोशी अपुऱ्या दिवसांचे, लहानपणी सतत आजारी पडणारे मूल होते. १९२२ साली टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक देण्यासाठी ते गेले तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. ज्या वयात आपल्याकडे निवृत्तीचे हिशेब सुरू होतात, त्या वयात या गृहस्थांनी परक्या शहरात नव्याने आयुष्य मांडले, आणि १९५७ साली निधन होईपर्यंतचा पुढचा सारा काळ या विद्येच्या प्रसारात घालवला.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, आजच्या कराटेचा अभ्यासक्रम मुळात वाढत्या शरीराचा विचार करून पायरीपायरीने बांधलेला आहे. तीच पायऱ्यांची रचना उतरत्या वयात परतणाऱ्यालाही उपकारक ठरते, फक्त पायऱ्या गाळावयाच्या नाहीत एवढे पथ्य पाळावे लागते.

आपणा बडोदेकरांना हे समजण्यास कठीण जाऊ नये. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रा. माणिकराव ही नावे आपल्याकडे घराघरात आदराने घेतली जातात. द. चिं. मजुमदार यांनी संपादित केलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे प्रकाशन १९३६ पासून याच शहरातून झाले. वयानुसार, प्रकृतीनुसार व्यायाम बेतावा ही समज या मातीत जुनीच आहे. कराटे बाहेरून आले असले तरी त्याला रुजण्यासाठी येथे जमीन तयार होती.

मेंदूला आठवते, कंडरेला आठवत नाही

खंडानंतर परतणाऱ्याला पहिला सुखद धक्का बसतो तो असा की, शरीराला पुष्कळ काही आठवते. सत्तावीस वर्षांनंतर पहिल्या हेइआन कात्याचा प्रारंभ करताना पुढची हालचाल कोणती हे मला विचार करून आठवावे लागले नाही. वळण आले की पाय आपोआप वळत होता. सायकल चालवणे किंवा पोहणे आपण विसरत नाही, त्यातलाच हा प्रकार. अशी कौशल्ये लहान मेंदू आणि मेंदूच्या तळाशी असलेली केंद्रके यांच्या मंडलांत साठवली जातात, आणि नावे वा तारखा पुसट झाल्या तरी ती टिकून राहतात.

धोका नेमका येथेच आहे. मेंदूने दिलेली आज्ञा पंचविशीतल्या शरीराच्या हिशेबाची असते, आणि ती पाळणारे शरीर पन्नाशीतले असते. तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दर दशकात सुमारे ३ ते ८ टक्क्यांनी घटत जाते, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यातही जलद आकुंचन पावणारे तंतू अधिक झिजतात. त्यामुळे वजन उचलण्याच्या ताकदीपेक्षा झटक्यात हालचाल करण्याची ताकद लवकर कमी होते, आणि कराटेचा तर सारा भर झटक्यावर आहे.

तरीही स्नायू समजूतदार म्हणावा. त्याला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि काही आठवड्यांच्या सरावाने तो प्रतिसाद देऊ लागतो. पूर्वी कमावलेला स्नायू तर नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परततो. कंडरांची, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरांची, गोष्ट वेगळी आहे. त्यांना रक्तपुरवठा तुटपुंजा आणि त्यांचा चयापचय संथ. २०१३ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी या संदर्भात मोठा उद्बोधक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५५ ते १९६३ या काळातील अणुचाचण्यांमुळे वातावरणातील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण एकदम वाढले आणि नंतर हळूहळू उतरले. त्या चढउताराचा उपयोग करून त्यांनी टाचेमागील अकिलीस कंडरेच्या गाभ्याचे वय मोजले. निष्कर्ष असा निघाला की, हा गाभा आयुष्याच्या पहिल्या सतरा वर्षांत तयार होतो आणि पुढे त्याचे नूतनीकरण जवळजवळ होतच नाही.

सामान्य वाचकांसाठी याचा अर्थ असा की, आज आपण ज्या दोरावर उडी मारणार आहोत तो दोर आपल्या शाळेच्या दिवसांतच वळला गेला आहे. नियमित आणि बेताच्या भाराने त्याची ताकद टिकवता येते, काही अंशी वाढवताही येते. परंतु त्याला महिने लागतात. परिणामी परतलेल्या माणसाच्या शरीरात तीन घड्याळे वेगवेगळ्या गतीने चालत असतात. कौशल्य काही दिवसांत जागे होते, दम आणि स्नायू काही आठवड्यांत साथ देऊ लागतात, आणि कंडरा व सांधे काही महिन्यांनी तयार होतात. पहिल्या दोन घड्याळांवर विश्वास ठेवून तिसऱ्याकडे दुर्लक्ष केले की टाच, गुडघा किंवा खांदा दुखावतो आणि "या वयात हे जमायचे नाही" असा चुकीचा निष्कर्ष काढून माणूस कायमचा घरी बसतो.

कुपोषित बालकाचा धडा

हा विचार करताना मला आमच्या शाखेतील एक जुना आणि महत्त्वाचा धडा आठवतो. अतितीव्र कुपोषित बालक रुग्णालयात आले की आईला आणि नवख्या निवासी डॉक्टरलाही वाटते की, त्याला भरपूर खाऊ घालावे. तसे केले तर ते बालक दगावू शकते. उपासमारीशी जुळवून घेतलेल्या शरीरावर अचानक अन्नाचा भार आला की क्षारांचे संतुलन ढळते, फॉस्फरस आणि पोटॅशियम घसरते आणि अशक्त हृदयाला तो भार सोसत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १०० कॅलरी एवढाच आहार, थोडाथोडा करून, दर दोन-तीन तासांनी देतात. भूक परतली, सूज उतरू लागली, की क्रमाने आहार वाढवत १५० ते २२० कॅलरींपर्यंत नेतात. मूल मग झपाट्याने भरते आणि वाढीची हुकलेली बरीचशी वाट चालून जाते.

वीस-पंचवीस वर्षे व्यायामाविना राहिलेले शरीर हेही एका अर्थी उपाशी शरीरच होय. उपमा ताणू नये हे खरे, परंतु तिच्यातील तत्त्व जसेच्या तसे लागू पडते : देण्याचे प्रमाण आपल्या उत्साहावरून ठरवावयाचे नाही, जो अवयव सर्वांत हळू सावरतो त्याच्या गतीवरून ते ठरवावयाचे. या लेखातून वाचकांनी एकच गोष्ट बरोबर न्यावयाची असेल तर ती हीच.

वर्गात पाऊल ठेवण्यापूर्वी

चाळिशी ओलांडलेल्या, दीर्घ खंडानंतर परतणाऱ्या प्रत्येकाने रक्तदाब, रक्तशर्करा आणि हृदयाचा आलेख एवढे तरी करून घ्यावे. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा कुटुंबात अकाली हृदयविकार असेल, किंवा श्रमाने छातीत दडपण येत असेल, तर हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला घेतल्याशिवाय वेगवान सराव सुरू करू नये. आपल्या देशातील मधुमेहींची संख्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार सुमारे १० कोटी १० लाख, आणि सीमेवरील व्यक्तींची १३ कोटी ६० लाख आहे. तेव्हा "मला काही नाही" हे गृहीत धरून चालू नये.

याशिवाय काही बाबी कराटेच्या संदर्भात विशेष लक्षात ठेवाव्यात.

पहिली, कराटे अनवाणी करतात. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी आधी पावले तपासून घ्यावीत आणि गरज असल्यास मऊ तळव्याचे बूट घालण्याची परवानगी शिक्षकांकडून मागावी. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर सराव करताना साखर एकदम खाली येऊ शकते. खिशात साखरेची पुडी असावी.

दुसरी बाब श्वासाची. कराटेत आघाताच्या क्षणी श्वास सोडतात, आणि 'किआई' ही आरोळी त्यासाठीच असते. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब उसळतो. उच्च रक्तदाब असलेल्यांनी, तसेच मधुमेहामुळे नेत्रपटलावर परिणाम झालेल्यांनी, श्वास कोंडण्याची सवय कटाक्षाने टाळावी आणि सर्व अंग आवळून करावयाचे 'सांचिन'सारखे काता जपून करावेत.

तिसरी बाब डोळ्यांची आणि रक्ताची. जाड भिंगाचा चष्मा असलेल्यांना नेत्रपटल सुटण्याचा धोका अधिक असतो; त्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी प्रत्यक्ष आघाताच्या लढती टाळाव्यात.

चौथी बाब औषधांची, आणि ती आपण डॉक्टरांनी विशेष ध्यानात ठेवावी. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांमुळे कंडरेला सूज येणे किंवा ती तुटणे संभवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली त्यांच्या वेष्टनावर सर्वोच्च श्रेणीचा इशारा छापण्यास सांगितला. साठीपुढील व्यक्ती आणि स्टेरॉइड घेणारे रुग्ण यांना हा धोका अधिक असतो. तापाखोकल्यासाठी स्वतःच्या मनाने अशी गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी उड्यांचा सराव करणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. बीटा-रोधक औषधे घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही, म्हणून त्यांनी नाडीवर न विसंबता श्रमाचा अंदाज बोलण्यावरून घ्यावा. सराव करताना सलग वाक्य बोलता आले तर श्रम मध्यम. दोन-चार शब्दांतच दम लागला तर ते जोराचे श्रम समजावे.

स्त्रियांसाठी एक मुद्दा वेगळा सांगितला पाहिजे. रजोनिवृत्तीनंतरच्या काही वर्षांत हाडांची घनता वेगाने उतरते. वर्गात परतण्यापूर्वी मी घनतेची तपासणी करून घेतली, ती थोडी कमी निघाली, आणि त्यामुळे कराटे सोडण्याऐवजी ते नियमित करण्याचे कारणच मला मिळाले. हाडाला भार मिळाला पाहिजे. तो बेताचा आणि पुनःपुन्हा मिळाला पाहिजे, इतकेच.

पहिले सहा महिने

मी स्वतःसाठी आखलेला आणि नंतर काही समवयस्कांना सुचवलेला क्रम पुढे देत आहे. तो सर्वांसाठी कायदा नव्हे. आपापल्या प्रकृतीनुसार त्यात बदल करावा.

पहिले दोन महिने आठवड्यातून दोनच वर्ग करावेत आणि दोन वर्गांमध्ये किमान दोन दिवस सोडावेत. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे हालचालीतूनच अंग तापवावे. झटके देऊन ताणण्याचा जुना प्रकार टाळावा. स्थिर ताण सरावाच्या शेवटी द्यावेत. 'झेन्कुत्सु' आणि 'किबा' या बैठका उंच ठेवाव्यात, आणि गुडघा पावलाच्या दिशेतच वाकतो आहे ना याकडे लक्ष द्यावे. काता चालण्याच्या गतीने करावा. लाथ कमरेखालीच ठेवावी. उड्या, उकिडवे बसून चालणे आणि मुठींवरच्या जोरबैठका हे प्रकार या काळात वर्ज्य समजावेत. घरी रोज भिंतीला हात टेकवून टाचा सावकाश उचलणे आणि त्याहून सावकाश खाली आणणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे, आणि दात घासताना आळीपाळीने एका पायावर उभे राहणे हे तीन व्यायाम करावेत.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तिसरा दिवस वाढवावा. मूळ ठोसे आणि अडवण्या अर्ध्या ते पाऊण वेगाने कराव्यात, आणि उशीवर हलके आघात सुरू करावेत. जोडीने करावयाच्या ठरीव हल्ल्या-बचावाच्या कवायती या वेळी चालू शकतात.

पाचव्या-सहाव्या महिन्यात पूर्ण वेगाच्या हालचाली घ्याव्यात, परंतु थोड्या आणि सरावाच्या आरंभी, अंगात थकवा नसताना. बैठका क्रमाने खोल कराव्यात. मुक्त लढत करावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. पन्नाशीनंतर तिच्यावाचून काही अडत नाही असे माझे मत आहे. काता हे कराटेचे स्वतंत्र आणि पूर्ण अंग आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ साली झाले, महिलांच्या काता प्रकारातील सुवर्णपदक स्पेनच्या सांद्रा सांचेझ यांनी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मिळवले. आपल्याकडे केरळातील वडकरा येथील मीनाक्षी अम्मा यांना कळरीपयट्टूतील कार्यासाठी २०१७ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती.

या साऱ्या काळात दोन नियम पाळावेत. पहिला, एका वेळी एकच गोष्ट वाढवावी : दिवस, खोली किंवा वेग. दुसरा नियम दुसऱ्या सकाळचा. सरावाच्या वेळी काय दुखले यापेक्षा दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठून पहिली दहा पावले टाकताना टाच, गुडघा आणि कंबर काय सांगतात, ते ऐकावे. स्नायूंचा जडपणा दोन दिवसांत जातो, त्याची चिंता नको. एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येणारे आणि दररोज सकाळी वाढत जाणारे दुखणे मात्र कंडरेचे असण्याचा संभव असतो. तेव्हा दोन पायऱ्या खाली उतरावे आणि आपल्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्राला गाठावे.

पडण्याची भीती

माझी आई शहात्तर वर्षांची असताना न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, जखम भरली, वॉकर सुटला. परंतु पडण्याची भीती गेली नाही. ज्या अंगणात तिने चाळीस वर्षे तुळशीला पाणी घातले, तेथे ती पुन्हा एकटी कधी उतरली नाही. हाड सांधता येते; गेलेला भरवसा कसा सांधावा, हे आम्हा सर्व डॉक्टर मुलांना मिळूनही उमगले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार मृत्यू होतात, आणि त्यांतील मोठा वाटा साठीपुढील व्यक्तींचा असतो. वृद्धापकाळातील या पडण्याची तयारी पन्नाशीतच सुरू झालेली असते. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ व्यक्तींचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना दहा सेकंद एका पायावर उभे राहता आले नाही, त्यांच्यात पुढील सुमारे सात वर्षांतील मृत्यूचे प्रमाण, वय आणि इतर आजार हिशेबात घेऊनही, बरेच अधिक आढळले. एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते असा याचा अर्थ नव्हे. तोल हा एकूण प्रकृतीचा आरसा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

सुदैवाने तोल शिकता येतो. २०१९ सालच्या कोक्रेन आढाव्यात १०८ चाचण्या एकत्र अभ्यासल्या गेल्या. समाजात राहणाऱ्या वृद्धांमध्ये व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटले, आणि तोल व दैनंदिन हालचालींचा सराव देणारे व्यायाम त्यांत विशेष परिणामकारक ठरले. ताई-ची या चिनी युद्धकलेचाही चांगला उपयोग दिसला. कराटेवरील अभ्यास अजून लहान आहेत, म्हणून त्याविषयी मोठे दावे करणे उचित होणार नाही. परंतु काता म्हणजे वळणे, भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणे आणि एका पायावर स्थिर राहून दुसरा हलवणे; तोलाच्या व्यायामात जे हवे ते सारे त्यात आहे. ज्यूदोतील पडण्याची कला कोणी जाणत्याकडून शिकता आली तर अवश्य शिकावी, मात्र गादीवर आणि बसलेल्या स्थितीपासून.

वयाने मोठे, पट्ट्याने लहान

परतणाऱ्याची खरी परीक्षा शरीराची नसून मनाची असते. जुना तपकिरी पट्टा कपाटात होता, परंतु मी पांढरा बांधून रांगेच्या शेवटी उभी राहिले. कराटेत रांग वयाने लागत नाही, पट्ट्याने लागते. माझ्या पुढे उभी असलेली बरीचशी मुले माझ्याच दवाखान्यात लस टोचून घेताना रडलेली होती. त्यांतील नऊ वर्षांच्या एका हिरव्या पट्ट्याने पहिल्याच आठवड्यात मला अदबीने सांगितले, "डॉक्टर आंटी, मागचा पाय सरळ पाहिजे." त्याचे म्हणणे बरोबर होते. आमचे शिक्षक माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत. त्यांना आम्ही 'सेन्सेई' म्हणतो, आणि त्या जपानी शब्दाचा मूळ अर्थ 'आधी जन्मलेला' असा आहे. त्या वाटेवर ते माझ्या आधी जन्मले, हे मान्य केल्यावर नमस्कार करताना मान आपोआप झुकते.

दिवसभर ज्यांचा शब्द अखेरचा मानला जातो अशा आपल्यासारख्यांना आठवड्यातून तीन तास विद्यार्थी होणे फार हितावह आहे. सूचना ऐकणे, चुकणे, पुन्हा करणे, आणि आपल्याला जमत नसलेली गोष्ट लहान मुलाला सहज जमताना आनंदाने पाहणे, याचा सराव आपल्याला एरवी कोण देणार? माझ्या रुग्णांच्या मातांशी बोलताना आता माझ्या सूचनांची यादी थोडी आखूड झाली आहे. एका वेळी एकच सुधारणा सांगावी, ही सेन्सेईंची रीत मी तेथून उचलली.

बालपणीची ठेव

शेवटी माझ्या शाखेच्या वतीने पालकांसाठी दोन शब्द. अकिलीस कंडरेचा गाभा पहिल्या सतरा वर्षांत घडतो. हाडांच्या आयुष्यभराच्या कमाल साठ्यापैकी सुमारे नव्वद टक्के मुलींमध्ये अठराव्या आणि मुलांमध्ये विसाव्या वर्षापर्यंत जमा झालेला असतो. पन्नाशीत मी जे भांडवल घेऊन वर्गात परतले, ते माझ्या आईवडिलांनी मला संध्याकाळी घराबाहेर हाकलल्यामुळे जमलेले होते. आज शिकवणीच्या वेळापत्रकात मुलांचा खेळ पहिला कापला जातो, तेव्हा कापली जाते ती त्यांच्या पन्नाशीची आणि सत्तरीची शिदोरी. मुलाला कराटेच शिकवावे असे नाही. त्याने रोज तासभर धावावे, उड्या माराव्यात, लोंबकळावे एवढे पुरे. मात्र कराटेला घालावयाचे असेल तर लहान वयात डोक्यावर आघात होऊ न देणारे आणि पट्ट्यांच्या परीक्षांची घाई न करणारे शिक्षक पाहावेत. शक्य असेल तेथे आई, वडील किंवा आजोबांनीही त्याच वर्गात नाव घालावे; मुले उपदेशापेक्षा उदाहरणाने लवकर शिकतात.

आपल्या संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात आपण रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय करतो. त्या टेबलाशेजारी एक मोकळी जागा आखावी, भिंतीवर सेकंदकाटा असलेले घड्याळ लावावे, आधाराला एक माणूस उभा करावा आणि प्रत्येक सभासदाला दहा सेकंद एका पायावर उभे राहण्यास सांगावे, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. ज्यांना ते जमेल त्यांनी आपला सोडून दिलेला व्यायाम कोणता होता ते आठवावे. ज्यांना जमणार नाही त्यांनी तर तो अधिकच लवकर आठवावा, आणि सर्वांत हळू सावरणाऱ्या अवयवाला बरोबर घेऊन, त्याच्या चालीने, पुन्हा सुरुवात करावी.